खडूची पावलं

यंदा पुन्हा निळे तागे आले. कारखान्याच्या दारात टेम्पो थांबला, हमालांनी एकेक तागा खांद्यावरून आणून कटिंगच्या टेबलाशी उभा केला. कापड तेच, गुळगुळीत, नख लागलं की करकरणारं. वासही तोच, नव्या प्लास्टिकचा. मागोमाग दुसऱ्या टेम्पोतून उपरण्यांचं कापड उतरलं, चार-पाच रंगांचं, कारण पालिकेची निवडणूक इतकी वर्षं आज होणार उद्या होणार करत शेवटी खरोखरच लागली आहे. क्रिकेटचा वर्ल्ड कप आणि निवडणूक, दोन्ही एकाच थंडीत. आमचे मालक गोपशेठ दारात उभे राहून हात चोळत म्हणाले, "साईं, इस बार तो दो-दो दिवाली है." सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता पर्स चाचपून बघितली, साखरेची पुडी आत आहे ना.

मी सुनंदा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये कपडे शिवायच्या कारखान्यात चेकिंगला आहे. राहते अंबरनाथला. चेकिंग म्हणजे शिवून आलेला प्रत्येक नग उलटसुलट करून बघायचा, लोंबणारे धागे कापायचे, टाका सुटला असेल तिथे खडूची खूण करून परत पाठवायचा. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करण्यात गेली. स्वतःची एक चूक मात्र हातातून तशीच पुढे गेली, तिच्यावर मी खूण केली नाही. निळे तागे बघितले की ती आठवते. आणि आता ते रोज समोर उभे आहेत.

काही वर्षांपूर्वीच्या त्या कपलाही असंच होतं. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. सकाळी अंबरनाथहून शेअर रिक्षाने येताना कानाला गार वारा लागायचा आणि दुपारी पत्र्याखाली पुन्हा घाम. जर्सीच्या कापडाचे बारीक तंतू हवेत उडायचे. नाक पुसलं की रुमाल निळा, चहावर निळी साय, घरी पोळ्या लाटताना नखांच्या कडा निळ्या. नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागलेले. पुढे खेळाडू बॅट उगारून, आणि त्याच्यामागे त्याच्याहून दुप्पट मोठे साहेब, हात जोडून. शुभेच्छा भारतीय संघाला आणि खाली प्रभागाचा नंबर. मैदानांवर टेनिस बॉलच्या स्पर्धा, कुणाच्या ना कुणाच्या नावाचा चषक. त्या जर्स्याही आमच्याकडेच शिवल्या जायच्या, पाठीवर खेळाडूचं नाव आणि पोटावर भाऊंचा फोटो. इस्त्री करताना भाऊंच्या चेहऱ्यावर फडकं टाकायला लागायचं, नाहीतर शाई वितळून भाऊ इस्त्रीला चिकटायचे.

उपरणी तर सगळ्या पक्षांची. एका पक्षाचा माल दुसऱ्याच्या माणसाला दिसू नये म्हणून गोपशेठनी मध्ये जुन्या चादरींचे पडदे लावलेले. एक रंग खिडकीशी, एक जिन्याशी, एक संडासाच्या भिंतीला लागून. कुठला रंग कुठल्या भिंतीला ते मी सांगणार नाही, मला अजून इथेच नोकरी करायची आहे. सकाळी एका साहेबांची माणसं येऊन माल उचलायची, दुपारी दुसऱ्यांची. दोघांनाही गोपशेठ तोच चहा पाजायचे आणि तेच म्हणायचे, "अपना तो आपकोच वोट है." आम्ही पडद्यामागे तोंडाला पदर लावून हसायचो. बाहेर एकमेकांचे फ्लेक्स फाडणारी माणसं आत एकाच दोऱ्याने शिवली जात होती, याची तेव्हा गंमत वाटायची.

रशीद मास्टर आमचे कटिंग मास्टर. मूळचे बस्तीकडचे, उत्तर प्रदेशातले, पण इथे इतकी वर्षं काढलेली की शिव्या मराठीतून द्यायचे. घर बदलापूरला, कुळगावात. उंच, किडकिडीत, कानावर कायम खडूचा तुकडा. कापडाचे थर अंथरून वर खडूने आखणी करायची आणि मग मशीन फिरवायचं, हे काम उभ्यानेच करायचं असतं, त्यामुळे बसलेले मास्टर मी क्वचितच बघितले. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी झेंड्यांचं काम आलं की ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देत नसत. तिन्ही पट्टे सुताचाही फरक न पडता सारखे लागायचे. पांढरा जरा अरुंद वाटला तर सगळा थर उचलून पुन्हा अंथरायचे. उरलेल्या चिंध्या जमिनीवर पडू द्यायचे नाहीत, त्यांची वेगळी पिशवी. एकदा ओव्हरलॉक मशीन चालवणाऱ्या दिनेशने तेल पुसायला त्यातली केशरी चिंधी घेतली. मास्टरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि जीन्सचं फडकं दिलं. दिनेश आमच्या अंबरनाथचाच, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ. "मास्टर, तुम्ही लईच देशभक्त," तो म्हणाला. मास्टर म्हणाले, "देशभक्त नहीं रे, कटिंग मास्टर."

जागेचा खेळ त्यांनीच काढला. कपच्या सुरुवातीच्याच एका मॅचला आपले तीन जण पटापट बाद झाले आणि मग कशीबशी एक जोडी जमली. टीव्ही भिंतीवर, काम चालू, आणि मास्टर एकदम ओरडले, "कोई हिलेगा नहीं! जो जिधर है उधरीच!" दिनेश पाण्याचा ग्लास भरायला निघालेला, तो एक हात वर करून माठापाशी तसाच उभा राहिला. पाऊण तास कुणी हललं नाही. जिंकलो. तेव्हा मास्टरांनी कानावरचा खडू काढला आणि वाकून प्रत्येकाच्या पावलांभोवती रेघ ओढली. गुदगुल्या झाल्या म्हणून शिलाईच्या बायका किंचाळत होत्या. माझ्यापाशी आल्यावर खडू माझ्या हातात दिला. "ताई, आप अपना खुद बना लो." मी बनवलं. डावं पाऊल जरा मोठं झालं.

त्यानंतर प्रत्येक मॅचला ज्याने त्याने आपापल्या पावलांत उभं राहायचं किंवा बसायचं. आपण महिनाभर हरलोच नाही. केर काढायला येणाऱ्या बाई त्या रेघांना वळसा घालून झाडू फिरवायच्या. मालाला आलेली बाहेरची माणसं हसायची आणि मग हळूच विचारायची, आम्ही कुठे उभं राहायचं? आणि सांगायला लाज वाटते, या सगळ्यात सगळ्यांत कडक मी. दिनेश एकदा बायकोचा फोन घ्यायला दारात गेला आणि तेवढ्यात विकेट पडली, तर मी त्याला सगळ्यांदेखत असं झापलं की तो दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. चेकिंगवाल्या बाईचा स्वभाव म्हणा. जागेवरून सुटलेलं काही मला बघवत नाही.

क्रिकेटने देश एक होतो असं म्हणतात. मी तो होताना बघितला आहे, पत्र्याच्या त्या शेडमध्ये. सिंधी मालक, बस्तीचा कटर, अंबरनाथ-बदलापूरच्या आम्ही बायका, कुणी कोकणातलं, कुणी देशावरचं, कुणाच्या गळ्यात ताईत, कुणाच्या माळ. शेवटच्या चेंडूला सगळ्यांचा श्वास एकदमच अडकायचा. गोपशेठचे वडील कडेवर असताना सिंधमधून इथल्या छावणीत आले. सीमेपलीकडच्या संघाशी मॅच असली की गोपशेठ टीव्ही आम्हाला लावून द्यायचे आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, मेरा बाप जिधर पैदा हुआ, वो गांव उन लोग के नक्शे में है. जीतने का तो अपनेकोच है. पर देखने को नहीं होता." आत जल्लोष झाला की ते बाकावरूनच टाळ्या वाजवायचे. बाकाखाली त्यांच्याही पावलांची खूण होती, मास्टरांनी बाहेर जाऊन काढलेली.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या गावी सणाच्या दिवशी देवळासमोर कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलेलं असे. खूण काढलेली नसे, पण पायांना ठाऊक असे. आमच्या लोकांची जागा चिंचेच्या पलीकडे. वडील ते गाव सोडून अंबरनाथला कारखान्यात लागले, धर्म बदलला, आणि मरेपर्यंत कुठल्याही रांगेत शेवटी उभे राहिले नाहीत. तेव्हा जमिनीवर आखलेली जागा बघून निदान मला तरी धास्ती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट आपल्यालाही जागा आहे, याचंच कौतुक वाटलं. संध्याकाळी निघताना मी माझ्या त्या वेड्यावाकड्या पावलांकडे एकदा बघून निघायचे.

फायनल रविवारी होती. उपरण्यांची घाई होती म्हणून कारखाना चालू ठेवलेला, आणि टीव्ही चालू राहणार या अटीवर सगळे आले. दुपारी मॅच सुरू झाली तेव्हा सगळे आपापल्या खुणांवर. मी त्या दिवशी एक खुळेपणा केला होता. आमच्या घरात नवस-उपास कुणी करत नाही, बुद्धवंदना झाली की झालं. पण सकाळी माझ्या मनात आलं, जिंकेपर्यंत काही खायचं नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच, कारण मला दोन वर्षांपासून मधुमेह होता आणि सकाळची गोळी मी नेहमीप्रमाणे घेतली होती; गोळी घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर एकदम उतरते. मधुमेहाचंही कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी शिलाईवरची एक बाई चक्कर येऊन मशीनवर पडली, तेव्हा गोपशेठनी तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, घरी सोडलं, आणि फार मायेने सांगितलं की बेन, आता तू आराम कर. तिला पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या मायेची मला भीती होती.

चारच्या सुमाराला माझे हात थरथरायला लागले. कपाळावर गार घाम. टीव्हीवरची अक्षरं पोहायला लागली. आपली जोडी चांगली जमलेली होती, सगळा कारखाना खिळून बसलेला, आणि मला कळत होतं की आणखी थोड्या वेळाने मी या उपरण्यांच्या ढिगावर आडवी होणार. मास्टर माझ्या सगळ्यांत जवळ, कटिंगच्या टेबलाच्या टोकाला, दाराच्या बाजूला उभे होते. मी हळूच म्हटलं, "मास्टर, काहीतरी गोड आणा. कुणाला कळू देऊ नका." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग एकदा खाली, स्वतःच्या पायांकडे. आणि निघाले.

तीन-चार मिनिटं गेली असतील. पहिली विकेट पडली तेव्हा शेडमध्ये हाय झाली. दुसरी पडली तेव्हा कुणी आवाजही केला नाही. आणि त्या शांततेत मास्टर दारातून आत आले. नाक्यावरच्या चहावाल्याकडून वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून आणलेली मूठभर साखर होती, ती त्यांनी माझ्या टेबलावरच्या ढिगाखाली सरकवली. कुणाला दिसलं नाही. मी वाकून, धागा शोधल्यासारखं करत, ती साखर चिमटीचिमटीने खाल्ली.

"मास्टर!" दिनेश ओरडला. "कुठे गेलेलात? सेट झालेला बॅट्समन गेला ना!"

मास्टरांनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. माझ्या तोंडात साखर होती. मी मान खाली घातली आणि एका उपरण्याचा धागा कापला, जो आधीच कापलेला होता.

"पेशाब को गया था यार," मास्टर म्हणाले. "सॉरी."

काही जण हसले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "इनको तो अच्छा लगा होगा." कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. पण त्याचं नाव घेण्याचा अधिकार मला नाही, कारण मी तिथेच होते, शुद्धीवर होते, आणि आता बोलण्याइतकी ताकदही आली होती. समोर खेळणारा संघ तर सातासमुद्रापलीकडचा. मास्टरांचा त्याच्याशी काय संबंध? पण ते कुणी विचारलं नाही. गोपशेठ दारातून म्हणाले, "अड़े छोड़ो, गेम है." मास्टर आपल्या खुणेवर जाऊन उभे राहिले. अगदी नीट, टाचा रेघेच्या आत घेऊन.

सहाला कारखाना सुटला. उरलेली मॅच ज्याने त्याने घरी बघितली. हरलो. मी जेवले नाही, आणि त्या वेळी ते दुःख मला खरोखर देशाचं वाटलं. मग कारखान्याच्या ग्रुपवर दिनेशने टाकलेला फोटो आला. निघताना काढलेला असणार. जमिनीवरची मास्टरांची रिकामी पावलं, आत कुणीच नाही. खाली लिहिलेलं, "इधर से गया वर्ल्ड कप." त्याखाली हसरे चेहरे. कुणीतरी तोच फोटो पुन्हा टाकला, या वेळी खाली "गद्दार की जगह." मी लिहायला घेतलं, "मास्टर माझ्यासाठी गेले होते." एवढं लिहिलं. मग वाटलं, का गेले ते सांगावं लागेल. मधुमेह सांगावा लागेल, उपास सांगावा लागेल, दिनेशला झापलेलं सगळ्यांना आठवेल. पुसलं. पण ग्रुपवर मी फोटो बघितला आहे हे दिसत होतं, काहीच न टाकता गप्प राहणंही विचित्र दिसलं असतं. म्हणून मीही एक हसरा चेहरा टाकला.

सोमवारी मास्टर वेळेवर आले. ओल्या फडक्याने स्वतःची खूण पुसली आणि कामाला लागले. माझ्यापाशी येऊन हलक्या आवाजात एवढंच विचारलं, "तबियत ठीक है ना ताई?" पण तोवर फोटो कारखान्याबाहेर पडला होता. गल्लीतल्या दुकानांत, रिक्षा स्टँडवर. आठवड्याभरात उपरणी न्यायला आलेला एक कार्यकर्ता, भला माणूस, दर वेळी माझी विचारपूस करणारा, हसत हसत गोपशेठना म्हणाला, "शेठ, वो फोटोवाला मास्टर कौन? दिखाओ तो." गोपशेठ हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला. संध्याकाळी मास्टरांना बाकावर शेजारी बसवून म्हणाले, "इलेक्शन तक थोड़ा घर पे आराम करो. माहौल ठीक नहीं है." मास्टरांनी कानावरचा खडू काढून टेबलावर ठेवला. निवडणूक तेव्हा झालीच नाही, पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. मास्टरांचं घरी बसणंही तिच्यासोबत पुढे पुढे जात राहिलं.

त्या जानेवारीत झेंडे दिनेशने कापले. पांढरा पट्टा अरुंद. मी खुणा करकरून अर्धा माल परत पाठवला. तो वैतागून म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतंय?"

आता सगळं पुन्हा आलं आहे. टीव्ही नवा, मोठा आहे. गेल्या आठवड्यात पहिल्या मॅचला आपले दोन जण लवकर बाद झाले आणि दिनेश, जो आता कटिंग मास्टर आहे, ओरडला, "कोणी हलायचं नाही!" मग त्याने खडू काढला. त्याने आधी माझ्याच पावलांभोवती रेघ ओढली, मान म्हणून. "ताई, तुमची जागा पहिली." मी त्या रेघेबाहेर आले आणि बोलले. सगळ्यांसमोर, टीव्हीचा आवाज चालू असताना. त्या फायनलच्या दिवशी मास्टर माझ्यासाठी जागेवरून हलले होते. मला मधुमेह आहे. साखर आणायला गेले होते. मी गप्प बसले.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. दिनेशने खडू हातात धरून माझ्याकडे बघितलं. "कुठल्या दिवशी, ताई?"

"फायनलच्या. तू फोटो टाकलेलास. मास्टरांच्या पावलांचा."

"मी?" त्याला खरंच आठवत नव्हतं. तो नाटक करत नव्हता, मी त्याला ओळखते. त्याने शेजारच्या मशीनवरच्या बाईला विचारलं, तिलाही अर्धवटच आठवलं. "असेल टाकला. मजाक होता ना तो. पण मास्टर स्वतःहून सोडून गेले ना? दुकान टाकायचं होतं म्हणून?" मग म्हणाला, "ताई, मधुमेह आहे तर सांगायचं ना आधी! माझ्या आईला पण आहे." आणि मग, अगदी सहज, "मग बोलवा ना मास्टरांना. कटिंगला मला माणूस लागतोच आहे." गोपशेठनीही मान हलवली. मला कुणी आराम कर म्हटलं नाही. ज्या भीतीपायी मी इतकी वर्षं तोंड दाबून बसले, ती एका मिनिटात संपली, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

काल, रविवारी, मी कुळगावात गेले. मास्टरांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली एक खोबण, पुढे लाकडी काउंटर, आत एक मशीन. पँट अल्टर, चेन बदलणे, फॉल-पिको. मास्टर मशीनवर बसून काम करत होते, आणि त्यांना बसलेलं बघून मला आधी ओळखच पटेना. दाढी पांढरी झाली आहे. "अरे ताई!" ते म्हणाले आणि उठून स्टूल पुसून दिलं. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं मोबाईल बाटलीला टेकवून मॅच बघत उभी होती. आपली बॅटिंग चालू होती.

मी सगळं सांगितलं. कारखान्यात बोलले ते, दिनेश काय म्हणाला ते, बोलावलं आहे तेही. हसऱ्या चेहऱ्याचंही सांगितलं. ते ऐकत होते आणि एका पँटची शिवण उसवत होते. "वो तो मैंने देखा था," ते म्हणाले. "आपका नाम आता है ना उसमें." मग सुटलेला दोरा ओढून काढला. "अच्छा किया, बोल दिया. आपका मन हलका हुआ." मी म्हटलं, याल ना परत? त्यांनी पँट खाली ठेवली. "ताई, आऊंगा तो खड़ा किधर रहूंगा?" त्यांनी ते चिडून विचारलं नाही. हिशेब घालावा तसं विचारलं. दिनेशने सगळ्यांच्या खुणा पुन्हा आखल्यात हे मी सांगितलं नाही.

सकाळपासून धावपळीत माझं खाणं राहून गेलं होतं. त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. "शुगर?" त्यांनी विचारलं. मी काही म्हणायच्या आत ते उठले, समोरच्या चहाच्या टपरीकडे निघाले. आणि दुकानाच्या उंबऱ्यात थबकले. काउंटरवरच्या दोघांनी एकदम "श्शू" केलं होतं, मोबाईलकडे बघत, जोडी जमलेली होती म्हणून. ते मास्टरांना उद्देशून नव्हतंही. पण मास्टरांनी आधी त्या दोघांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. ज्या माणसाने हसत हसत सगळ्या कारखान्याची पावलं आखली होती, तो मला अगदी हळू, लाजल्यासारखा म्हणाला, "ओवर खत्म होने दूं, ताई?"

मी पर्समधून माझी पुडी काढली. या वेळी वाकले नाही. काउंटरवर त्या मोबाईलच्या शेजारी ती उघडली आणि त्या दोन अनोळखी माणसांना सांगितलं, "मला मधुमेह आहे. साखर लागते." त्यांनी जरा सरकून जागा दिली, डोळे स्क्रीनवरच ठेवून. मी साखर तोंडात टाकली. "मास्टर, बसा, माझ्याकडे आहे," मी म्हटलं. पण ओव्हरचे तीन चेंडू बाकी होते, आणि मास्टर उंबऱ्यातच उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर, ना आत येत ना बाहेर जात.